फ्रीसाउंडवर स्वतःचा सॅम्पल पॅक: सुट्या आवाजाची चोख व्यवस्था, पॅकची जेमतेम

लोखंडी जिन्याच्या आवाजांचा माझा पहिला सॅम्पल पॅक, म्हणजे इतरांनी आपल्या संगीतात वापरावा असा सुट्या आवाजांचा संच, तयार झाला तेव्हा त्यात ६४ फाइली होत्या. तळहाताने, बोटांच्या पेरांनी, रबरी हातोडीने आणि जाड तळव्याच्या बुटाने केलेले आघात, कठड्याच्या नळीवरून ओढलेल्या चाव्यांची खरखर आणि या सगळ्यांतून बांधलेली काही लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवून वाजवता येणारे तुकडे, असा तो ऐवज होता. पॅक विकायचा नव्हता. तो इतर संगीतनिर्मात्यांच्या हाती पडावा आणि त्यांनी तो कापून, ताणून, उलटा करून मनसोक्त वापरावा, एवढीच इच्छा होती. त्यासाठी मी फ्रीसाउंड ही सेवा निवडली. तेथे पॅक एकदा पूर्ण चढवला, स्वतःच्या चुका लक्षात आल्यावर त्यातला मोठा भाग काढून पुन्हा चढवला, आणि आता दुसऱ्या पॅकची तयारी चालू आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की एकेका आवाजाची जितकी कदर ही सेवा करते तितकी क्वचितच कोठे होत असेल, पण 'पॅक' ही वस्तू मात्र तिच्या लेखी केवळ एक नाममात्र गट आहे. म्हणून येथे पॅक टाकणाऱ्याने आपली प्रत्येक फाइल बाकीच्या फाइलींच्या आधाराशिवाय स्वतःच्या पायांवर उभी राहील अशीच घडवली पाहिजे.

फ्रीसाउंडची सुरुवात २००५ साली बार्सिलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या संगीत तंत्रज्ञान गटाने केली आणि आजही ती सेवा त्याच गटाकडे आहे. ती नफ्यासाठी चालत नाही, जाहिराती दाखवत नाही आणि वापरकर्त्यांकडून देणग्या स्वीकारते. तेथे गाणी घेतली जात नाहीत, आवाज घेतले जातात. म्हणजे एखादा ड्रमचा आघात, एखादे लूप, पावसाचे किंवा यंत्राचे ध्वनिमुद्रण चालते, पण पूर्ण रचलेले गाणे चालत नाही. खाते न उघडताही कोणालाही आवाज ऐकता येतो, मात्र मूळ फाइल उतरवून घ्यायची असेल तर खाते लागते. ज्याला आपला पॅक प्रसिद्धीची पायरी म्हणून वापरायचा आहे आणि मुखपृष्ठ, झलकगीत, विक्रीचा आकडा वगैरे सरंजाम हवा आहे, त्याला ही जागा काहीशी रूक्ष वाटेल. मला तो रूक्षपणा आवडला.

आवडण्याचे पहिले कारण आवाजाच्या पानावरच दिसते. प्रत्येक आवाजाची आकृती तेथे रंगीत उमटते आणि ते रंग शोभेचे नसतात, आवाज कोणत्या क्षणी किती 'उजळ' आहे, म्हणजे त्याची शक्ती खालच्या कंप्रतांकडे झुकलेली आहे की वरच्या, हे ते सांगतात. याच आकृतीऐवजी कंप्रतांचा आलेखही पाहता येतो. शेजारी फाइलीचा प्रकार, कालावधी, सॅम्पल रेट (सेकंदाला ध्वनीची किती मापे घेतली), बिट डेप्थ (प्रत्येक माप किती बारकाईने नोंदले) आणि चॅनेल यांची नोंद असते. माझ्या तेविसाव्या फाइलीत तळहाताच्या एका सुंदर, भरदार आघातानंतर जिना जवळजवळ चार सेकंद घुमत राहतो. घरच्या हेडफोनवर ते घुमणे मला निर्मळ वाटले होते. फाइल चढवल्यावर आलेख उघडला, तर आघाताचा पसारा मिटत गेल्यानंतरही तळाशी एक बारीक, सरळ, न वाकणारी आडवी रेघ शेवटपर्यंत चालू होती. इमारतीतल्या पाण्याच्या पंपाची मोटर त्या वेळी चालू होती, आणि ती माझ्या कानांनी जमेस धरलीच नव्हती. ज्या निर्मात्याने त्या फाइलीवर कॉम्प्रेसर (हलक्या आणि मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणारे साधन) लावला असता, त्याच्या गाण्यात माझा पंप उगवला असता. हे पाहण्यासाठी फाइल चढवावी लागली हा आळस माझा. आपल्या डॉमध्येही (DAW, म्हणजे संगणकावर ध्वनी मुद्रित व संपादित करण्याच्या प्रणालीत) असा आलेख असतोच, आणि दुसऱ्या पॅकसाठी मी तो प्रत्येक फाइलीवर आधीच उघडते.

चढवलेला आवाज लगेच दिसू लागत नाही. तो माणसांच्या नजरेखालून जातो, आणि ती माणसे आवाज या जागेत बसतो का, तो चढवणाऱ्याचाच आहे असे दिसते का, त्याचे वर्णन धड आहे का, हे पाहतात. काहींना ही वाट पाहणे जाचक वाटते. माझ्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग असा की 'हे माझेच आहे ना?' हा प्रश्न चढवणाऱ्याला स्वतःला विचारावा लागतो. माझ्या एका लूपमध्ये जिन्याच्या ठोक्यांखाली एक मऊ पॅड (मागे सलग वाजत राहणारा स्वरांचा थर) होते आणि ते पॅड मी पूर्वी विकत घेतलेल्या दुसऱ्याच एका पॅकमधले होते. तो पॅक 'रॉयल्टी-फ्री' होता, आणि याच शब्दाशी बहुतेक जण फसतात. रॉयल्टी-फ्री याचा अर्थ एवढाच की त्या आवाजाने केलेल्या गाण्यावर प्रत्येक वेळी वेगळी रक्कम द्यावी लागत नाही. तो आवाज मालकीविना मोकळा पडला आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. अशा पॅकच्या अटींमध्ये 'संगीतरचनेत वापरा, पण आवाज म्हणून पुन्हा वाटू नका' हे कलम जवळजवळ नेहमीच असते. सिंथेसायझरच्या तयार प्रीसेटबद्दल आणि सॅम्पलवर चालणाऱ्या व्हर्च्युअल वाद्यांबद्दलही तेच आहे: गाणे करणे निराळे आणि त्यांतून काढलेले सुटे स्वर पॅक म्हणून वाटणे निराळे. मी ते लूप तपासणीपर्यंत पोहोचूच दिले नाही. पॅड काढले, लूप थोडे उघडे पडले, आणि खरे सांगायचे तर सुधारले.

आता परवान्यांकडे येते, कारण या सेवेचा कणा तोच आहे. फ्रीसाउंडवर चढवताना क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तयार केलेल्या खुल्या परवान्यांचे तीन पर्याय समोर येतात. सीसी झिरो घेतला तर आपण आपले सर्व हक्क शक्य तेवढे सोडून देतो आणि वापरणाऱ्याने आपले नावही घेण्याची गरज उरत नाही. श्रेयनिर्देशाचा परवाना घेतला तर कोणीही, व्यावसायिक कामासाठीसुद्धा, आवाज वापरू शकतो, मात्र त्याने आपले नाव, परवाना आणि केलेले बदल नोंदवले पाहिजेत. तिसऱ्या पर्यायात श्रेय तर द्यायचेच, शिवाय व्यावसायिक वापरही करायचा नाही. आरंभीच्या काळात येथे क्रिएटिव्ह कॉमन्सचाच 'सॅम्पलिंग प्लस' नावाचा परवाना चालत असे, ज्यात सॅम्पल करून नवे काम घडवायला मुभा होती पण जाहिरातींत वापरायला मनाई होती. क्रिएटिव्ह कॉमन्सने तो २०११ साली बंद केला, आणि त्याच वर्षी फ्रीसाउंडच्या नव्या आवृत्तीत आजची तिहेरी निवड आली. जुने, मालक परत न फिरकलेले काही आवाज अजून त्या जुन्या परवान्याखाली आढळतात, म्हणून दुसऱ्याचे आवाज घेताना प्रत्येकाचा परवाना पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पहिल्या वेळी मी सगळ्या पॅकला अव्यावसायिक परवाना लावला होता. मनात विचार असा की कोणा कंपनीने माझ्या घामावर जाहिरात करू नये. प्रत्यक्षात त्या अटीने कंपन्या अडत नाहीत, त्यांच्याकडे स्वतःचे ध्वनिमुद्रक असतात. अडतो तो घरात बसून गाणी करणारा मनुष्य, ज्याचे गाणे कोणत्यातरी स्ट्रीमिंग सेवेवर जाते आणि तेथे चार दमड्या मिळण्याची शक्यता असते, म्हणून तो माझी फाइल उघडतो, परवाना वाचतो आणि बंद करतो. ज्याच्यासाठी पॅक केला त्यालाच मी दाराबाहेर उभे केले होते. दुसऱ्या वेळी सुट्या आघातांना सीसी झिरो आणि लूपना श्रेयनिर्देशाचा परवाना दिला. एका ठोक्यासाठी गाण्याच्या श्रेयनामावलीत नाव मागणे मला हास्यास्पद वाटते. लूपमध्ये मात्र लय, मांडणी, निवड असे काही माझे असते आणि ते जसेच्या तसे एखाद्या गाण्याचा पाया होऊ शकते. सेवेत परवाना प्रत्येक आवाजाला स्वतंत्र असतो, त्यामुळे एका पॅकमध्ये दोन परवाने नांदू शकतात. त्याची अडचणही लगेच कळली: पॅक उतरवणाऱ्याला कोणत्या फाइलीवर कोणती अट आहे हे सोबतच्या मजकुराच्या फाइलीत पाहावे लागते, आणि ती फाइल कोण उघडतो? म्हणून लूपच्या नावातच आता मी परवान्याची खूण ठेवते.

येथे एक गोष्ट गंभीरपणे घ्यावी. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की तो मागे घेता येत नाही. आपण आवाज काढून टाकू शकतो, पुढच्यांसाठी परवाना बदलू शकतो, पण ज्याने जुन्या अटींवर फाइल घेतली त्याचा हक्क तसाच राहतो. त्यामुळे 'आधी मोफत टाकू, लोकांना आवडले तर विकू' हा हिशेब या जागेसाठी नाही. लूप सर्वांना खुले केल्यावर ते आपल्या एकट्याचे उरत नाही, हे उलट बाजूनेही खरे आहे. असे लूप ज्याच्या गाण्यात आहे त्याने ते गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडी या, नोंदवलेले आवाज इतरांच्या व्हिडिओंत आपोआप ओळखणाऱ्या, व्यवस्थेत नोंदवले, तर तेच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या अनोळखी निर्मात्याच्या व्हिडिओवर दावा लागू शकतो. म्हणूनच ज्यावर आपला अनन्य हक्क नाही असा मजकूर त्या व्यवस्थेत नोंदवू नये असा तिचा नियम आहे. माझ्या लूपच्या वर्णनात याबद्दलचे एक वाक्य आता कायम असते.

पॅकच्या घडणीबद्दल मात्र तक्रारीचा सूर लागल्यावाचून राहत नाही. सॅम्पल पॅक करणारा माणूस फोल्डरमध्ये विचार करतो: आघात एका फोल्डरमध्ये, लूप दुसऱ्यात, घासलेले आवाज तिसऱ्यात, आणि आघातांमध्येही हलके, मध्यम, जोरकस असे उपविभाग. फ्रीसाउंडमध्ये पॅक म्हणजे एका नावाखाली ठेवलेले आवाज, बस्स. पूर्ण पॅक झिप फाइलीतून उतरवता येतो, सोबत परवान्यांची माहिती देणारी मजकुराची फाइलही येते, पण आत सगळ्या फाइली एकाच पंगतीत बसलेल्या असतात. शिवाय उतरवलेल्या प्रत्येक फाइलीच्या नावाआधी त्या आवाजाचा क्रमांक आणि चढवणाऱ्याचे नाव लागलेले असते. श्रेय देण्याच्या दृष्टीने ही पद्धत उत्तमच आहे, कारण फाइल वर्षभराने कोठेही सापडली तरी तिचा उगम कळतो. मात्र सॅम्पलरच्या (असे आवाज कींवर लावून वाद्यासारखे वाजवण्याच्या साधनाच्या) अरुंद खिडकीत नावाची पहिली काही अक्षरेच दिसतात, आणि तेथे निर्मात्याला दिसतो तो एक लांबलचक आकडा व माझे नाव. आघात कोणता आणि लूप कोणते हे पुढे कोठेतरी कापले जाते. क्रमवारीसुद्धा माझ्या नावांवर न चालता त्या क्रमांकांवर चालते.

यावर उपाय एकच, आणि तो मी पहिल्याच वेळी करायला हवा होता. फाइलीचे नाव इतके नेमके आणि आखूड असावे की फोल्डर काढून घेतले तरी तिचे काम कळावे. 'जिना-आघात-हात-मध्यम-०३' हे नाव उपयोगाचे आहे. 'घनगंभीर स्वप्न' हे नाव माझ्यापुरते आहे. लूप असेल तर वेग बीपीएममध्ये (मिनिटाला किती ठोके) आणि सूर असेल तर मूळ स्वर नावातच हवा. माझ्या जिन्याचा कठडा सूर धरतो, पण तो नेमका कोणत्याही पट्टीच्या स्वरावर बसत नाही. दोन स्वरांच्या मधोमध लटकतो. तो ओढून स्वरावर आणावा की तसाच ठेवावा, यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी तसाच ठेवला आणि वर्णनात 'वरच्या स्वरापेक्षा थोडा उतरता' असे लिहिले. स्वरात आणणे वापरणाऱ्याला एका मिनिटात जमते, उलट मी एकदा ताणलेली फाइल त्याला मूळ करता येत नाही.

माझी सर्वांत मोठी चूक पातळीची होती आणि ती मला एका वापरकर्त्याने आवाजाखालच्या प्रतिक्रियेत दाखवून दिली. एकाच पायरीवर मी हलक्या हातापासून पूर्ण ताकदीपर्यंत सहा तऱ्हांनी आघात मुद्रित केले होते. मूळ ध्वनिमुद्रणात सर्वांत हलक्या आघाताचे शिखर उणे २४ डेसिबलच्या आसपास होते आणि सर्वांत जोरकस आघाताचे उणे ३. निर्यात करताना मी प्रत्येक फाइल वेगवेगळी नॉर्मलाइझ केली, म्हणजे तिचे शिखर ठरावीक उंचीपर्यंत उचलले, आणि सहाही आघात एकाच उंचीचे होऊन बसले. त्या माणसाने ते सॅम्पलरमध्ये कीच्या दाबानुसार रचले तेव्हा हळू दाबले तरी जिना तेवढाच मोठ्याने बोलला, फक्त वेगळ्या, बसक्या आवाजात. त्याने विनयाने लिहिले होते, मला वाचूनच लाज वाटली. असा संच असेल तर सर्वांत जोरकस फाइल किती वाढवता येते ते पाहून संपूर्ण संच तेवढ्याच डेसिबलने उचलावा, म्हणजे आघातांमधले नाते शाबूत राहते. हलका आघात मग फारच लहान राहील अशी भीती वाटते, परंतु २४ बिटच्या फाइलीत सैद्धांतिक आवाका सुमारे १४४ डेसिबलचा असतो, १६ बिटमध्ये तो सुमारे ९६ असतो. उणे २४ वर बसलेल्या आवाजाला तेथे दाटी होत नाही.

सेवा वेव्ह, एआयएफएफ, फ्लॅक, ऑग आणि एमपी३ अशा प्रकारांतल्या फाइली घेते, तरी लूप एमपी३मध्ये टाकण्याचा मोह कोणीही करू नये. एमपी३च्या संकोचनात फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता मिसळली जाते, आणि लूप फिरवताना प्रत्येक फेरीला तेथे ठेच लागते. लूपची लांबी ही अंदाजाची बाब नसते. ९० बीपीएमला चार चौकांचे, म्हणजे सोळा ठोक्यांचे लूप ४४.१ किलोहर्ट्झवर अचूक ४,७०,४०० सॅम्पलचे (येथे सॅम्पल म्हणजे ध्वनीचे एकेक माप) असते आणि ४८ किलोहर्ट्झवर ५,१२,००० सॅम्पलचे; त्यात थोडीही वाढ-घट झाली तर दहाव्या फेरीपर्यंत ते मेट्रोनोमशी भांडू लागते. जिन्यासारख्या घुमणाऱ्या वस्तूच्या लूपमध्ये आणखी एक पेच येतो. शेवटच्या ठोक्याचे घुमणे लूपच्या सीमेबाहेर जाते, आणि ते सरळ कापले तर फिरताना पोकळी जाणवते. त्यासाठी लूप दोनदा सलग वाजवून दुसरी फेरीच निर्यात करावी, म्हणजे पहिल्या फेरीचे शेपूट दुसरीच्या आरंभात आपसूक मिसळलेले मिळते. सुट्या आघाताबाबत नियम सोपा आहे: आघात जेथे उसळतो त्याच्या अगदी अलीकडे, आकृती शून्यरेषा ओलांडते तेथे कापावे, आणि शेपटाला शेवटी हलका फेड द्यावा. सुरुवातीला राहिलेली पंधरा-वीस मिलिसेकंदांची रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण तालात बोटांना लगेच कळते.

फाइलींची संख्या हा आणखी एक भ्रम. ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा सॅम्पलर १९८७ साली आला तेव्हा त्याच्या स्मृतीत सर्व मिळून जेमतेम दहा सेकंद मावत, तेही १२ बिटमध्ये, आणि लोकांनी त्या दहा सेकंदांत आख्ख्या गाण्यांचे पाये घातले. आज जागेची कमतरता नसल्यामुळे एकाच ठोक्याचे अठरा भाऊ पॅकमध्ये भरती होतात. माझ्या ६४ फाइलींपैकी २३ अशा निघाल्या की डोळे मिटून ऐकल्यावर त्यांची नावे मलाच सांगता आली नाहीत. त्या काढल्या, ४१ उरल्या. फ्रीसाउंडवर याला आणखी एक कारण आहे: प्रत्येक फाइलीला नाव, टॅग, वर्णन आणि परवाना द्यावा लागतो, आणि ४१ वर्णने प्रामाणिकपणे लिहिता येतात, ६४ लिहिताना माणूस नक्कल-चिकटव करू लागतो. मोठ्या संख्येने चढवणाऱ्यांसाठी तक्त्यातून एकदम वर्णने भरण्याची सोय आहे, पण ती नियमित चढवणाऱ्यांसाठी आहे, पहिल्या पॅकला तिचा भरवसा धरू नये.

वर्णनाला कंटाळू नये, कारण या जागेत पॅक सापडतो तो त्याच्या नावामुळे क्वचितच, एखाद्या आवाजाच्या टॅगमुळे बहुधा सापडतो. शोधणारा 'लोखंडी जिना' शोधत नाही. तो 'धातू', 'घुमणारा', 'औद्योगिक', 'आघात' असे काहीतरी शोधतो, परवान्याची व कालावधीची चाळणी लावतो आणि समोर आलेल्या एका आवाजावरून पॅकपर्यंत पोहोचतो. निकालांमध्ये एका पॅकचे आवाज एकत्र गटात दाखवण्याचीही सोय असल्यामुळे चाळीस फाइली टाकून पानभर आपणच दिसू असा हिशेब चालत नाही. 'यासारखे आवाज' दाखवणारी सोय तर टॅगही पाहत नाही, ध्वनीचे गुणधर्म पाहते. माझ्या चाव्यांच्या खरखरीला तिने कोणाच्यातरी सायकलच्या साखळीशेजारी बसवले, आणि ऐकल्यावर ते स्थळ मला पटले.

एकदा आवाज बाहेर पडला की तो कोठे जाईल हे आपल्या हाती राहत नाही. नवा आवाज ज्या आवाजांपासून केला त्यांचा उल्लेख करण्याची सोय येथे आहे, आणि वापरकर्ते ती मनापासून पाळतात. सातव्या पायरीवरच्या एका सैल स्क्रूमुळे आघातानंतर बारीक झिणझिण येत असे, आणि ती फाइल मी काढणारच होते. कोणीतरी आघाताचा भाग टाकून फक्त ती झिणझिण घेतली, तिला हाय-हॅटच्या (ड्रमसंचातल्या जोडझांजेच्या) जागी बसवून एक लूप केले आणि माझ्या फाइलीशी जोडले. आवाजांचा प्रवास संगीताबाहेरही होतो. याच सेवेतल्या आवाजांतून २०२० साली 'एफएसडी५०के' हा संशोधनासाठीचा संच प्रसिद्ध झाला, ज्यात ५१,१९७ ध्वनिखंड २०० वर्गांत लावलेले आहेत आणि यंत्राला आवाज ओळखायला शिकवण्यासाठी तो वापरला जातो. हे ज्याला रुचत नाही त्याने खुला परवाना देण्यापूर्वीच विचार करावा.

विक्रीची वाटही मी एकदा चाचपून पाहिली. नाव न घेता सांगते, एका विक्री-सेवेने पॅक घेण्याची तयारी दाखवली, परंतु करारात पॅकमधल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणावर अनन्य हक्क मागितला होता, म्हणजे माझ्याच जिन्याचा ठोका माझ्या पुढच्या पॅकमध्ये टाकायला मला त्यांची परवानगी लागली असती. मी सही केली नाही. ज्यांचा उदरनिर्वाह आवाज विकून चालतो त्यांनी तसे करार नीट वाचून करावेत, त्यात वावगे काहीच नाही. त्यांच्यासाठी फ्रीसाउंड ही जागा नव्हे. ज्याला पॅकचे एकसंध रूप, फोल्डरची रचना आणि मुखपृष्ठ यांत रस आहे, त्यालाही ती अपुरी पडेल. ध्वनिमुद्रणाचा नाद असलेल्या, आपला एखादा आवाज अनोळखी माणसाच्या गाण्यात निनावी मिसळला तरी चालेल अशा वृत्तीच्या माणसाला मात्र मी ती निःशंक सुचवीन.

दुसऱ्या पॅकसाठी मी दोन्ही सोयी एकत्र केल्या आहेत. फोल्डरमध्ये लावलेली पूर्ण झिप माझ्या स्वतःच्या पानावर राहील आणि फ्रीसाउंडवर तेच आवाज सुटे, प्रत्येकाच्या वर्णनात त्या झिपचा दुवा देऊन. पॅक काचेच्या बाटल्यांचा आहे, ३० फाइलींचा. संच एकाच मापाने उचलला आहे, नावे आखूड आहेत, लूप फक्त चार आहेत. सध्या अठराव्या फाइलीवर अडले आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून काढलेला एक लांब सूर आहे, आणि आलेखात त्याच्या तळाशी पुन्हा एक सरळ आडवी रेघ दिसते. या वेळी तो पंखा आहे.